ज्याच्या त्याच्या गावाचा कॅन

चौसाळ्याच्या वीरभद्र हलग्यांची शिवकांता औरंगाबादला एम.एस्सी. करते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कशात करते, ते मात्र कुणालाच धड सांगता यायचं नाही. हायवेला लागून वीरभद्रअप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान. तिथे टेकणारा प्रत्येक जण तो प्रश्न एकदा तरी विचारून गेलेला. अप्पा म्हणायचे, "गणितात." समोरचा म्हणायचा, "म्हंजे मास्तरीण व्हनार." अप्पा म्हणायचे, "न्हाई हो, हे येगळं गणित हाय. कामाचं." कामाचं म्हणजे कुठल्या कामाचं, असं कुणी पुढे विचारलं की अप्पांना एकदम एखादं पोतं शिवायचं राहिलेलं आठवायचं.

अप्पांना तरी कशाला हसा? पहिलं वर्ष संपेपर्यंत शिवकांतालाही ते सांगता येत नव्हतं. बीडला बी.एस्सी. करताना गणिताचा पेपर म्हणजे तिला सुट्टीचा दिवस वाटायचा. शुद्ध गणिताला जागा मिळत असताना तिनं उपयोजित गणित घेतलं, ते एका कारणासाठी. त्या कोर्सच्या शेवटच्या सहामाहीत एक प्रकल्प होता. खऱ्या संस्थेत जायचं, तिथली खरी अडचण गणितात मांडायची, सोडवायची आणि ते उत्तर तिथे चालवून दाखवायचं. नुसतं कागदावर सुटलेलं धरत नसत. ज्यांचं चाललं त्यांना पुण्याच्या कंपन्या विभागात येऊन घेऊन जायच्या. ज्यांचं चाललं नाही त्यांनी पुढच्या वर्षी परत यायचं.

शिवकांताला पुढचं वर्ष नव्हतं. आई जगदेवीनं दोन वर्षांचा शब्द दिला होता आणि तेवढ्यासाठी मामा-मावश्यांशी भांडणही घेतलं होतं. दोन वर्षांत पोरगी आपल्या पायावर उभी राहिली तर कुणी बोलायचं नाही, नाही राहिली तर मामानं धरून ठेवलेलं जालन्याचं स्थळ पाहायचं. स्थळ वाईट नव्हतं म्हणतात. पण ते कुणी पाहिलंय, आणि शिवकांताला तर पाहायचंही नव्हतं.

वर्गातली बाकीची मुलं वाळूजच्या कारखान्यांत प्रकल्पाला गेली. हिनं दूध संघाचं नाव दिलं. विभागप्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. दोन हजार तेराचा तो उन्हाळा, बीडमध्ये माणसांना प्यायला टँकर, आणि ही म्हणते दूध.

"अगं, दूध आहे का तिथे?" बाईंनी विचारलं.

"आहे मॅडम. पोचत नाही."

आणि तेच खरं होतं. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांतून सिद्धमाथा सहकारी दूध संघाचा टेम्पो रोज सकाळी दूध गोळा करायचा आणि खाली शीतकरण केंद्रावर आणायचा. आणेपर्यंत त्यातलं निम्मं आंबलेलं असायचं. केंद्रावरचा माणूस झाकण काढून नाकाजवळ न्यायचा, मान हलवायचा आणि कॅन परत टेम्पोत चढवायचा. असं रोज व्हायला लागलं, तेव्हा संघानं माथ्यावरची लाईनच बंद करायचं मनावर घेतलं. पिकं तर पेरली तेव्हाच गेली होती. बायकांच्या हातात काही राहिलं असेल तर ते एका-दोन म्हशींचं दूध, आणि तेही बंद होणार होतं.

शिवकांता टेम्पोत शहादेवशेजारी बसून लाईन फिरली. शहादेव संघाचा जुना ड्रायव्हर, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मग तो जे बोलायला लागला ते आजतागायत थांबलेला नाही.

फिरता फिरता तिला एक गंमत दिसली. गंमत कसली, डोक्याला हात लावावा असा प्रकार. गावांत जनावरंच नव्हती. सगळी बोरखडकच्या माळावरच्या चारा छावणीत. प्रत्येक घरचं एक माणूस तिथे पाल टाकून जनावरांपाशी राहिलेलं. पहाटे छावणीत धारा निघायच्या. मग कुणी मोटारसायकलवर, कुणी वडापच्या जीपला लटकून ती किटली घेऊन आपल्या गावी जायचं, कारण आपली दूध संस्था आपल्या गावात. तिथे माप व्हायचं, फॅट लागायची, नाव पुकारलं जायचं. मग गावोगाव हिंडत टेम्पो यायचा आणि सगळं दूध भरून, ऊन डोक्यावर आल्यावर, पुन्हा त्याच छावणीच्या फाटकासमोरून खाली उतरायचा. जे दूध उजाडताना त्या फाटकात गोड होतं, तेच दुपारी तिथून आंबट होऊन जायचं.

"शहादेवमामा, टेम्पो सरळ छावणीवरच उभा केला तर?"

"तर मग मला सकाळी निजायला मिळंल," शहादेव म्हणाला. "पण त्ये कुनाच्या बापाला जमायचं न्हाई."

का जमायचं नाही, ते त्यानं सांगितलं नाही. तिलाही ते विचारावंसं वाटलं नाही. तिच्या डोक्यात तोवर आकडे पळायला लागले होते.

संघाचे अध्यक्ष कल्याणराव. चार गावांत जमीन, दोन संस्थांवर माणसं, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. शिवकांता मुलगी म्हणून तो हात त्यांनी टेबलावर ठेवला. तिनं नकाशा पसरून सगळं समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, ज्याचा तिला फार आनंद झाला. पुढाऱ्यानं मध्ये अडवलं नाही की सावध व्हावं, हे तिला अजून कळायचं होतं.

"पोरी, छावणीत दूध हाय हे आमाला काय दिसत न्हवतं व्हय?" ते शेवटी म्हणाले. "पण बरं हाय. तू शिकलेली हायस. एक आठवडा गाडी तुज्या गणितानं चालव. जमलं तर लाईन चालू. न्हाई जमलं तर लोकान्ला सांगायला बरं, की इद्यापीठाचं गणित लावून बगितलं, तरी व्हईना."

म्हणजे लाईन बंद करायचं पाप आयतं कुणाच्या तरी पदरात टाकायला मिळत होतं. शिवकांताला ते तिथल्या तिथे कळलं, आणि तिनं हो म्हटलं. अप्पांनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सरकी घेनारी निम्मी गिऱ्हाइकं माथ्यावरची हायेत, बाई." ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पण गणित सुरेख सुटलं. इतकं की कागदावर पाहूनच तिला हसू आलं. टेम्पोनं रिकाम्या गावांना जायचंच नाही. सरळ छावणी, एकच थांबा. छावणी बोरखडकच्या शिवारात, म्हणून बोरखडक संस्थेच्या मोठ्या कॅनांत सगळ्यांचं दूध एकत्र घ्यायचं, प्रत्येकाचं माप वेगळं लिहायचं आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर. कॅन काठोकाठ भरलेले, टेम्पोत तसूभर जागा वाया नाही, ऊन तापायच्या आत दूध केंद्रावर. यापेक्षा चांगलं उत्तर असूच शकत नाही, हे तिनं सिद्ध करून ठेवलं होतं. छावणीत जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे मान डोलावणं म्हणजे फक्त ऐकलं एवढाच अर्थ, हे चौसाळ्याच्या मुलीनं विसरायला नको होतं.

पहिल्या सकाळी टेम्पो फाटकात उभा राहिला. कॅन ओळीनं मांडले, झाकणं उघडली. छावणीत धारा झाल्या. किटल्या घेऊन माणसं फाटकाकडे आली, शिवकांताकडे पाहून अगदी मनापासून हसली, "ताई, लौकर आलाव का" म्हणाली, आणि टेम्पोला वळसा घालून मोटारसायकलींवर बसून आपापल्या गावी निघून गेली. बोरखडकच्या तेवढ्या घरांनी दूध घातलं. बाकी कॅन कोरडे.

शिवकांता झाकण हातात धरून उभी राहिली. राग यावा तर कुणाचा? कुणी भांडलंही नव्हतं.

मागे एकटीच उरली होती छबुबाई. उंबरदऱ्याची, साठीकडे झुकलेली, एका म्हशीवर घर चालवणारी. गावी जायला तिला त्या दिवशी गाडी मिळाली नव्हती. किटली कमरेवर घेऊन ती कॅनाजवळ आली, आत वाकून पाहिलं, बाहेरचं नाव पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. वाचता येत नसलं तरी बोरखडकची अक्षरं तिला ओळखू येत होती.

"मावशी, घाला ना. पैसे तुमच्याच खात्यावर येतील."

"पैशाचं न्हाई गं माय."

"मग?"

"माजी म्हैस उंबरदऱ्याची. तिचं दूध बोरखडकच्या नावावर कावून जाईल?" छबुबाईचा आवाज शांत होता, समजूत घातल्यासारखा. "आमचं गाव आदीच रिकामं पडलंय. शाळेत पोरं न्हाईत, देवळात दिवा लावायला मानूस न्हाई. संस्थेच्या फळ्यावर दूध तरी चढतंय रोज. त्ये बी बंद केलं तर गाव हाय म्हनून कुनी सांगायचं?"

शिवकांताला कपिलधार आठवलं. दरवर्षी यात्रेत हलग्यांच्या घरचे सगळे कपिलधारला जायचे. तिथे महाप्रसादाला एकच मोठी कढई ठेवली तर पुरेल, लाकूड वाचेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी चौसाळ्याची चूल वेगळी, शेजारच्या गावाची वेगळी. तांदूळ तोच, डाळ तीच, जेवायला बसणारी माणसंही तीच. पण चौसाळ्याचा भात चौसाळ्याच्या कढईत शिजला पाहिजे. कढई काळी पडेपर्यंत तिनं स्वतः त्या चुलीला फुंकर घातली होती, आणि दुसऱ्या गावाचा भात आधी शिजला म्हणून एका वर्षी ती रडलीसुद्धा होती. हे सगळं तिच्या अंगातच होतं. गणित मांडताना तेवढंच बाहेर राहिलं होतं.

तिला स्वतःचा सणसणून राग आला. आणि राग आला की शिवकांताचं डोकं चांगलं चालतं, हे जगदेवी तिच्या लहानपणापासून सांगत आली आहे.

"मावशी, उंबरदऱ्याचा कॅन इथंच आणला तर घालाल?"

छबुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढं विचारायला शिकावं लागतं होय. "घालीन की. कावून न घालू?"

अडचण तिथून सुरू झाली. प्रत्येक गावाचा कॅन वेगळा म्हणजे बरेच कॅन अर्धे, पाव भरलेले. अर्ध्या कॅनालाही टेम्पोत पूर्ण कॅनाचीच जागा लागते. सगळ्या गावांचे कॅन एका खेपेत बसेनात. शिवकांतानं छावणीतल्या कडब्याच्या गंजीच्या सावलीला बसून नवीन मांडणी केली. सुटेना, तशी पुन्हा केली. मागे म्हशी रवंथ करत होत्या आणि शहादेव दर थोड्या वेळानं येऊन "सुटलं का" विचारत होता, त्यानं काही मदत होत नव्हती. संघाच्या गोदामात जुने छोटे कॅन पडून आहेत, हे बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघालं. मग कुठल्या गावाला मोठा, कुठल्याला छोटा, कुणाचं दूध पहिल्या खेपेत, कुणाचं दुसऱ्या, असं ते हळूहळू जुळत गेलं. एका लांब फेरीऐवजी दोन आखूड खेपा. डिझेल पहिल्या उत्तरापेक्षा जास्त, वेळ जास्त, शहादेवची झोप पुन्हा गेली. पण उन्हाच्या आत बसत होतं.

संस्थांच्या सचिवांना तिनं छावणीतच बसून आपापल्या गावाच्या नावानं माप लिहायला सांगितलं. त्यांची जनावरंही तिथेच होती, तेव्हा त्यांना ते सोयीचंच झालं. शहादेवनं रंगाचा डबा आणला आणि दोघांनी मिळून प्रत्येक कॅनावर गावाचं नाव काढलं. त्याचं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं निघालं, आणि हे त्यानं तिला आठवडाभर ऐकवलं.

दुसऱ्या सकाळी फाटकात कॅन मांडले. छबुबाई सगळ्यांच्या आधी आलेली. "आमचा कंचा?" शिवकांतानं दाखवला. छबुबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं, रंग वाळल्याची खात्री केली आणि किटली उपडी केली. तिच्या मागून उंबरदऱ्याची बाकीची माणसं आली. मग दुसऱ्या गावांची. आपला कॅन शेजारच्या गावाच्या वर गेला का, हे जो तो वाकून पाहायला लागला. एका गावच्या सरपंचानं तर पालात चहाला ठेवलेलं दूधही आणून ओतलं, म्हणे आमचा कॅन उणा दिसायला नको.

केंद्रावर झाकणं उघडली. नाकाजवळ कॅन नेणाऱ्या माणसानं एक हुंगला, दुसरा हुंगला, आणि मग हुंगायचंच सोडून दिलं. "गोड हाय," तो म्हणाला, "सगळं." शिवकांता तिथेच टेम्पोच्या फळीवर बसली. आपण काहीतरी केलंय आणि ते चाललंय, हा आनंद तिला उगाच लपवावासा वाटला नाही.

आठवडा संपला तरी दूध गोडच येत राहिलं. लाईन बंद करायचा विषय बैठकीत निघालाच नाही. उलट कल्याणरावांनी भाषणात सांगितलं, की छावणीच्या फाटकात गाडी उभी करायचं आपल्या मनात फार दिवसांपासून होतं. शहादेव मागच्या रांगेत बसून मोठ्यानं खोकला. शिवकांताला मात्र त्याचं काही वाटलं नाही. ज्याचं नाव व्हायचं त्याचं होवो, लाईन चालू होती.

मग तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक मुंबईहून आलेले, बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी प्रकल्प चाळला आणि पहिल्या उत्तरापाशी थांबले.

"हे तुम्ही सिद्ध केलंय, यापेक्षा चांगलं उत्तर नाही म्हणून. सिद्धता बरोबर आहे. मग पुढे जाऊन यापेक्षा वाईट उत्तर का चालवलंत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सर, पहिल्या उत्तरात सगळं होतं," शिवकांता म्हणाली. "फक्त दूध नव्हतं."

मग तिनं छावणी सांगितली, रिकामे कॅन सांगितले, कपिलधारच्या चुली सांगितल्या. प्रत्येक गावाचं दूध त्याच गावाच्या कॅनात, ही अट कशी मांडली आणि ती मांडल्यावर जे सर्वांत चांगलं उत्तर निघतं ते कसं काढलं, हे फळ्यावर लिहून दाखवलं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. परीक्षकांनी शेवटी विचारलं, "ही अट कुठल्या पुस्तकात मिळाली?" ती म्हणाली, "घरी होती सर. मला उशिरा सापडली."

त्या वर्षी विभागात तिचा प्रकल्प पहिला आला. पुण्याच्या एका मालवाहतुकीच्या कंपनीनं तिला निकालाआधीच घेतलं. शेकडो ट्रक, कुठला कुठे पाठवायचा ते ठरवायचं काम. अप्पांच्या दुकानात आता कुणी विचारलं तर त्यांना पोतं शिवायला जावं लागत नाही. "कुनाचा माल कुटून कुटं कसा न्यायचा, ते ठरवती आमची शिवकांता," ते सांगतात, आणि समोरच्याला कळेपर्यंत पुन्हा सांगतात. जगदेवीनं तर जालन्याच्या स्थळाला स्वतः फोन करून सांगितलं, की तुम्ही पोराचं उरकून घ्या.

निघायच्या आधी शिवकांता छावणीत पेढे घेऊन गेली. छबुबाईनं पेढा कपाळाला लावला. "पहिली आलीस म्हन."

"आले."

"मग तिकडं चौसाळ्याचं नाव लावलं आसंल की त्येंनी."

शिवकांता हसली. तिकडे गावाचं नाव कुणी लावत नाही, हे काही तिला छबुबाईला सांगवेना.

विभागाच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फळा आहे. दरवर्षी ज्याचा प्रकल्प पहिला येतो त्याचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात काढतात. नुसतं नाव आणि वर्ष. निकालाचे कागद न्यायला शिवकांता विभागात गेली त्या दिवशी पेंटर नेमका तिचंच नाव काढत होता. शिवकांता वीरभद्र हलगे. २०१३. अक्षरं सुबक आली होती. बाई शेजारी उभ्या राहून कौतुकानं पाहत होत्या.

"खाली चौसाळा लिहा," शिवकांता म्हणाली.

पेंटरनं वरची सगळी नावं तिला दाखवली. "ताई, कुणाच्याच खाली गाव नाही. जागा पण नाही."

"अक्षरं बारीक काढा. पण काढा."

पेंटरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा शिवकांताकडे. परीक्षेतल्या त्या कॅनांची त्यांना आठवण झाली असावी. "काढा," त्या म्हणाल्या.

रंग वाळेपर्यंत शिवकांता तिथून हलली नाही. मग तिनं पुढे होऊन, छबुबाईनं केलं होतं तसंच, त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं.